तीन फुटी रॅम्पवर स्केटबोर्डचा स्टॉल (वरच्या कडेवर थांबणं): आधी कुठला घ्यावा, आणि चाक कोपिंगला का अडकतं?

माडाखालचा:
फोंड्याकडे एका भाटात शेडखाली मिनीरॅम्प आहे. उंची ३ फूट, ट्रान्झिशनचा (वळत चढणाऱ्या भिंतीचा) रेडियस ७ फूट, रुंदी १२ फूट. वर मरीन प्लाय, कोपिंगला, म्हणजे वरच्या कडेला, दोन इंची जीआय पाईप. ड्रॉप-इन (कडेवरून थेट उतारात शिरणं) होतं, पंप करून (गुडघे वाकवून-ताणून वेग घेत) दोन्हीकडे कोपिंगपर्यंत पोचता येतं, कोपिंगच्या हातभर खाली बॅकसाइड किकटर्नही (पाठ कोपिंगकडे ठेवून, पुढची चाकं उचलून वळणं) बसलाय. डावा पाय पुढे.

आता स्टॉल शिकायचे आहेत. रॉक टू फेकीत (पुढची चाकं वर टेकवून, न वळता उलटं खाली येणं) पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर जातात, पण परत येताना कोपिंगला अडकतात आणि थेट पाठीवर पडायला होतं. ॲक्सल स्टॉलमध्ये दोन्ही ट्रक (चाकं धरणारे धातूचे भाग) पाईपवर बसतात, दोन सेकंद उभंही राहता येतं, बाहेर पडताना मात्र मागचं एक चाक प्लॅटफॉर्मवरच राहून जातं. आणि मुळात क्रम कुठला? व्हिडिओंत प्रत्येक जण वेगळं सांगतो.

बोर्ड ८.२५ इंची, चाकं ५४ मिमी, कडकपणा ७८ए. डोक्यावर सध्या स्कूटरचं हेल्मेट.

तिठ्यावरचा:
क्रम माझ्या मते असा: टेल (बोर्डाचं मागचं टोक) स्टॉल, मग ॲक्सल, मग रॉक टू फेकी, नोज (पुढचं टोक) स्टॉल सगळ्यात शेवटी. यातल्या एकालाही ओली (टेल आपटून बोर्डासकट मारायची उडी) लागत नाही, त्यामुळे "आधी ओली शिक" असं कोणी सांगितलं तर हो म्हण आणि रॅम्पवर जा.

टेल स्टॉल आधी का? कारण त्याचा दुसरा अर्धा भाग तुला येतोच. टेल स्टॉल म्हणजे उलट्या दिशेने येऊन ड्रॉप-इनच्या अवस्थेत थांबणं. समोरच्या भिंतीवर सरळ चढ, वळू नकोस, तसाच फेकी खाली ये आणि अलीकडच्या भिंतीवर टेल पुढे करून चढ. फ्लॅटवर (मधल्या सपाट भागावर) असतानाच मान मागच्या खांद्यावरून वळवून कोपिंगकडे बघ. मान उशिरा वळली की अंदाज चुकतो.

मागचा पाय टेलच्या मधोमध हवा. टोकावर असेल तर बोर्ड पायाखालून निसटतं, ट्रकच्या बोल्टवर असेल तर टेल दाबलंच जात नाही. वर पोचेपर्यंत दोन्ही गुडघे वाकलेले. मागची चाकं पाईपला लागली की पायाला एक छोटा "टक" जाणवतो, त्याच क्षणी मागच्या पायावर उभं राहायचं. टक व्हायच्या आधी दाबलंस तर टेल पाईपखालच्या प्लायवर आपटून घसरतं. उशीर केलास तर मागची चाकं पाईप ओलांडून प्लॅटफॉर्मवर जातात आणि तू प्लॅटफॉर्मवर मागे बसतोस. पहिली चूक जास्त लागते. दुसरी नुसतीच हास्यास्पद.

वेगाबद्दल एक हिशेब देतो. घर्षण बाजूला ठेवलं तर ३ फूट, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर चढायला तळाशी ताशी १५ किलोमीटर वेग लागतो. ड्रॉप-इनमधून तेवढाच मिळतो आणि त्यातला काही प्लाय खाते. म्हणून नुसत्या ड्रॉप-इनवर समोरचं कोपिंग थोडक्यात हुकतं. एक नीट पंप मारला की बरोबर पोचतोस. दोन जोरदार मारलेस तर कोपिंगवर जाताना अंगात वेग उरतो. स्टॉलमध्ये ब्रेक मारायचा नसतो, वेग संपायची जागा आणि कोपिंगची जागा एकच यावी लागते. जमत नसेल तर दहातल्या आठ वेळा चूक पायात नसते, आदल्या पंपात असते.

टेल स्टॉलमधून लगेच ड्रॉप-इन करू नकोस. तीन मोजून थांब. नुसता आपटून निघालास तर तो स्टॉल नव्हे, टप्पा झाला.

जुना जांभा:
तिठ्यावरच्यांशी बहुतेक सहमत, पण रॉक टू फेकी ॲक्सलच्या मागे ढकलायचं कारण त्यांनी दिलं नाही. बहुतेक ठिकाणी रॉक आधी शिकवतात, कारण वर जाताना तो सोपा वाटतो. चढायला सोपा आहेच. पण चुकला तर तुम्ही मागे, उतारावर, न बघता पडता: माकडहाड, मनगट, डोक्याची मागची बाजू. बॅकसाइड ॲक्सल चुकला तर छाती रॅम्पकडे असते, पडायची जागा डोळ्यांसमोर दिसते आणि गुडघ्यांवर घसरून खाली येता येतं. ज्याला अजून नीट पडता येत नाही त्याने दिसणारं पडणं आधी घ्यावं, एवढंच.

आता तुमचं चाक अडकण्याबद्दल. रॉक टू फेकीत बोर्ड पाईपवर झोक्यासारखं टेकतं, पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, मागची रॅम्पवर. परत यायचं तर आधी टेल दाबून पुढची चाकं पाईपच्या वर उचलायला हवीत. ती उचलली जात नाहीत, कारण भीतीने माणूस प्लॅटफॉर्मकडे झुकतो. प्लॅटफॉर्म सपाट, सुरक्षित वाटतो ना. मग सगळं वजन पुढच्या पायावर, पुढची चाकं जड, बोर्ड मागे ओढलं जातं आणि चाक पाईपच्या पाठीला धडकून थांबतं. बोर्ड थांबलं तरी तुम्ही थांबत नाही.

म्हणजे कंबर पाईपच्या पलीकडे जाऊच द्यायची नाही. पुढचा पाय सरळ होतो, मागचा गुडघा वाकलेला राहतो, आणि कंबर मागच्या पायाच्या वर, रॅम्पच्या हवेत. वर आरसा असता तर दिसलं असतं: बोर्ड प्लॅटफॉर्मवर डोकावतंय आणि माणूस रॅम्पमध्येच आहे.

सरावाला दोन गोष्टी. पहिली कोपिंगच्या खालीच: वर चढा, वेग संपला की फेकी परतताना टेल हलकं दाबून पुढची चाकं दोन बोटं उचला आणि लगेच टेकवा. हे सलग २० वेळा न डगमगता झालं की तुमच्या पायाला हवी ती सवय लागली. दुसरी: पहिल्या प्रयत्नांत पुढची चाकं पाईपच्या जेमतेम पलीकडे टेकवा, चार बोटांपेक्षा जास्त नाही. बोर्डाचा मध्य पाईपवर येईपर्यंत आत गेलात तर दिसायला छान, पण परतायला तितकंच अंतर चाकं उचलून धरावी लागतात.

नजर चाकं पाईप सुटेपर्यंत चाकांवर, सुटली की मान वळवून खाली. आणि वर पोचल्यावर मन कचरलं तर पुढचा पाय सरळ प्लॅटफॉर्मवर टाका आणि चालत निघा. अर्धवट मनाने परत यायचं नाही.

स्कूटरचं हेल्मेट ठेवा घरी. आयएसआयच्या आयएस ४१५१ चं हेल्मेट दुचाकीसाठी आहे, जड असतं, मान वळवायला आड येतं, आणि टेल स्टॉलला मान वळवणं हाच तर निम्मा खेळ. स्केटिंगचं हेल्मेट ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ१४९२ असं छापलेलं बघून घ्या. गुडघ्याचे पॅड कडक प्लास्टिकच्या वाटीचे हवेत. कापडी पॅड प्लायवर घसरत नाहीत, चिकटतात, आणि मग तोंडावर पडायला होतं.

गोलटप्पा:
ॲक्सलचं मी सांगते, कारण यातली चूक बहुतेकांची एकच असते आणि ती बाहेर पडतानाची वाटते, पण अर्धी आत शिरतानाची असते.

तू डावा पाय पुढे ठेवतोस, म्हणजे बॅकसाइडला उजवीकडे, बोटांच्या बाजूला वळणार. भिंतीवर अगदी सरळ चढू नको, २० ते ३० अंश तिरपा चढ. तिरपा का, तर मागच्या ट्रकचं टाचेकडचं चाक पाईपला आधी लागतं आणि ओलांडून प्लॅटफॉर्मवर जातं. सरळ आलास तर मागची दोन्ही चाकं एकदम पाईपला धडकतात, बोर्ड तिथंच थांबतं. पुढची चाकं पाईपच्या वर आली की टेलवर किंचित दाब, म्हणजे नोज हवेत. टाचेकडचं मागचं चाक पलीकडे गेलं, मागचा हँगर (ट्रकचा आडवा दांडा) पाईपवर बसला, की खांदे उजवीकडे फिरव. पुढचा ट्रक त्यांच्या मागून येऊन पाईपवर टेकतो. पाय फिरवून ट्रक टाकायचा प्रयत्न करू नको. खांदे फिरले की पाय येतातच.

बसल्यावर अवस्था अशी हवी: टाचेकडची दोन्ही चाकं प्लॅटफॉर्मवर, बोटांकडची दोन्ही रॅम्पवर लोंबती, छाती रॅम्पकडे, वजन किंचित टाचांवर. फार टाचांवर नको. दोन सेकंद आरामात उभं राहता येतं म्हणतोस ना, मला वाटतं तिथंच मेख आहे. तू प्लॅटफॉर्मवर टेकून उभा राहतोस. कंबर पाईपच्या मागे गेली की तिथून रॅम्पमध्ये यायला आधी कंबर आणावी लागते, मग बोर्ड, आणि या गडबडीत चाक मागे राहतं. कंबर नेहमी पाईपच्या बरोबर वर.

बाहेर पडणं. मागच्या पायाने टेल दाबून पुढची चाकं चांगली उचल, तळहाताच्या रुंदीएवढी तरी. पुढचा खांदा खाली फ्लॅटकडे वळव. नोज सरळ खाली, म्हणजे पाईपशी काटकोनात येईपर्यंत पुढच्या पायावर वजन द्यायचं नाही. इथं सगळे घाई करतात. नोज अर्धं, ४५ अंश वळलेलं असताना वजन दिलं की मागचं टाचेकडचं चाक तिरपं राहून पाईपला मागून कुशीवर अडतं. चाक सरळ आलं तर पाईपवरून गडगडत उतरतं, तिरपं आलं तर अडसरासारखं बसतं. पूर्ण वळल्यावर मात्र ते तुझं रोजचं ड्रॉप-इन आहे, पुढचा पाय ठामपणे मार.

हे नुसतं बाहेर पडणं आधी पाठ कर. बोर्ड हाताने पाईपवर ॲक्सलमध्ये ठेव, खाली एक जण उभा करून त्याचे दोन्ही हात धर, चढ, आणि उतर. दहा वेळा दोन हात, दहा वेळा एक हात, मग बोट. हात धरणाऱ्याने ओढायचं नाही, तो फक्त कठडा. त्यालाही शूज घालायला सांग, चपलेत उभा राहणारा मदतनीस पहिल्याच बोर्डाला पळतो.

आणि ७८ए चाकं? ती पर्वरी ते पणजी रस्त्यावर फिरायला. पाईपवर ती रबरासारखी धरतात, हँगरला सरकून जागेवर बसू देत नाहीत. प्लायवर ९९ए लाव, ५४ मिमी चालेल. सिमेंटचा खरबरीत बोल (वाटीसारखा खोलगट रॅम्प) असेल तर ९७ए.

तिठ्यावरचा:
गोलटप्पांचं कंबरेबद्दलचं बरोबर. एक शंका मात्र राहतेच. रॉकमध्ये पुढची चाकं पाईपच्या मागच्या बाजूला अडतात आणि ॲक्सलमध्ये मागचं चाकही तिथंच अडतं. दोन वेगळ्या ट्रिक, अडायची जागा एक. माडाखालचे बाब, पाईप प्लॅटफॉर्मच्या वर किती आणि रॅम्पच्या बाहेर किती आलाय ते मोजून सांग. पट्टी नसेल तर प्लॅटफॉर्मवर पाईपला लागून दहाच्या नाण्यांची चळत लाव. पाच नाणी म्हणजे साधारण ९ मिमी.

माडाखालचा:
मोजलं. वर आठ नाणी आणि वर थोडं, पट्टीने १५ मिमी. बाहेरच्या बाजूला जेमतेम ४ मिमी. मधल्या भागावरून बोर्ड गेलं की पाईप खणखण वाजतो, तेही सांगायचं राहिलं.

खिळेठोक:
हे घ्या. सुताराची चूक आहे आणि ती फार जणांकडून होते. "दोन इंची" पाईप हे नाव आतल्या मापावरून पडलंय, बाहेरून तो ६०.३ मिमी भरतो. सुतार दोन इंच ऐकतो आणि ५० मिमी पाईपच्या हिशेबाने खाच करतो. पाईप १० मिमी जास्त वर येतो. तुमचे १५ त्यातूनच आलेत, ठरलेले ५ आणि वरचे १०.

शिकाऊ माणसाला वर आणि बाहेर दोन्हीकडे ८ ते १० मिमी बरं. त्याहून फार कमी असेल तर ट्रक बसल्याचं कळत नाही, टेल स्टॉलला तो टक येत नाही. १२च्या पुढे गेलं की प्रत्येक परतीला अडसर. तुमच्याकडे वर जास्त, बाहेर कमी, दोन्ही गैरसोयी एकत्र. वरच्या मंडळींनी सांगितलेली तंत्रं खरी आहेत, पण १५ मिमीच्या अडसरावर ती शिकणं म्हणजे उंबऱ्यावर सायकल शिकणं.

रॅम्प पाडायची गरज नाही. पाईप सोडवा. खाचेच्या मागच्या उभ्या बाजूला ५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची सपाट पट्टी सलग लावा, लाकडाची नको, आपल्या हवेत ती फुगते. पाईप तेवढा पुढे येतो: बाहेर ४ चे ९ झाले. मग प्लॅटफॉर्मवर आहे त्या प्लायच्या वर ६ मिमी मरीन प्लायचा आणखी एक थर, पाईपला भिडवून: वर १५ चे ९. मागे पडलेली फटही त्याखाली झाकली जाते. दोन्ही थरांमध्ये गोंद हवाच, नुसत्या स्क्रूवर ६ मिमी प्लाय उन्हात उचलली जाते आणि चाकाखाली टपटपते. प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघा, "वॉटरप्रूफ आहे हो" या शब्दावर घेऊ नका. कापलेल्या कडा पसरायच्या आधी इपॉक्सीने बंद करा, पाणी पृष्ठभागातून नाही, कडेतून शिरतं.

खणखण म्हणजे पाईपचे स्क्रू कमी आहेत किंवा ढिले आहेत. दर दोन फुटांवर एक हवा. पाईपच्या रॅम्पकडच्या बाजूला, ट्रक लागत नाही एवढ्या खाली, १२ मिमीचं भोक, त्याच्या बरोबर समोर आतल्या भिंतीला ६ मिमीचं. स्क्रू मोठ्या भोकातून आत जातो, त्याचं डोकं पाईपच्या आत मागच्या भिंतीवर दाबून बसतं, बाहेर काही उरत नाही. स्क्रू स्टेनलेसचे. साधे खाऱ्या हवेत एका पावसात डोकं सोडतात. भोकं पाडल्यावर तिथला जस्ताचा थर गेलेला असतो, झिंकचा प्राइमर बोटाने फासा. पाईप वरून मात्र रंगवू नका, रंग ट्रकला चिकटतो. देवघरातली साधी मेणबत्ती हलक्या हाताने एकदा फिरवली की पुरे. जास्त मेण लावलं तर स्टॉलचा ग्राइंड (ट्रकवर घसरत जाणं) होतो आणि तो तुम्ही अजून मागितलेला नाही.

माडाखालचा:
पट्टी आणि ६ मिमीचा थर, दोन्ही करतो. पण हे आत्ता जुलैत करावं की चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर)? शेड आहे, बाजूंनी उघडी. आणि तोवर सराव कशावर?

खिळेठोक:
पाईपचं काम आत्ता करा, ते लोखंड आहे. नवा प्लाय चवथीनंतर, ऊन धरल्यावर. ओलसर प्लाय चिकटवली तर सुकताना आकसते आणि पाईपशी फट पडते.

जुना जांभा:
पावसात शेडखालीही तळहात प्लायवर दाबून बघा. गार आणि चिकट लागला तर त्या दिवशी नाही. पाणी दिसत नसतं, पण कडक चाकं त्या पापुद्र्यावर साबणासारखी जातात. बेअरिंगला गंज सोडवणारा स्प्रे मारू नका, तो आतलं तेलही धुऊन नेतो. कवच काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवा, पूर्ण वाळवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

गोलटप्पा:
तोवर व्हरांड्याची पायरी. कोरडी, कड शाबूत असलेली, चार-पाच इंच उंच. बोर्ड कडेवर आडवं ठेव, दोन्ही हँगर कडेवर, टाचेकडची चाकं वर, बोटांकडची हवेत. चढ, टेल दाब, नोज काटकोनात वळव, उतर. कड गोल नाही, धारदार आहे, त्यामुळे नोज पूर्ण वळलं नाही तर चाक लगेच अडतं आणि चूक तिथल्या तिथं कळते. फरशीची पायरी असेल तर आधी घरच्यांना विचार, हँगर फरशीला काळे ओरखडे पाडतो आणि ते निघत नाहीत.